गोळीबाराच्या मधले दिवस: सोलापुरात माहितीपट शिकणाऱ्या मुलामुलींना खुलं पत्र

प्रिय विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

सोलापुरात जनसंवाद आणि चित्रीकरण शिकणाऱ्या, हातात मोबाइल असला तरी त्याच्यावर माहितीपट करायची धडपड करणाऱ्या तुम्हा सगळ्यांना हे पत्र लिहिते आहे. मी इथल्या एका हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झाले. माझे यजमान सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. तुमच्यातले काही जण जिल्ह्यातल्या माजी सैनिकांवर माहितीपट करणार आहेत असं कानावर आलं. ऐकून फार बरं वाटलं आणि थोडी काळजीही वाटली. म्हणून एक मागणी करते. सैनिकाचा रोजचा दिवस दाखवा. तो काय खायचा, कुठे झोपायचा, आंघोळ किती दिवसांनी व्हायची, पाणी कुठून आणायचा, पहारा नसेल तेव्हा काय करायचा, हे आधी विचारा. लढाईचं मग विचारा.

पीटर जॅक्सन यांचा २०१८ सालचा ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’ हा माहितीपट पाहिल्यापासून ही गोष्ट मला जास्तच पटली आहे. तुम्ही तो पाहिला नसेल तर एकत्र बसून पाहा, आणि मोठ्या पडद्यावर पाहता आला तर फारच चांगलं. विषय पहिल्या महायुद्धाचा, पश्चिम आघाडीवरच्या ब्रिटिश सैनिकांचा. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहातलं सुमारे १०० तासांचं जुनं चित्रीकरण आणि युद्धातून जिवंत परतलेल्या सैनिकांच्या सुमारे ६०० तासांच्या मुलाखती समोर ठेवून तो तयार केला आहे. त्यात निवेदक नाही, खुर्चीत बसून समजावून सांगणारे इतिहासतज्ज्ञ नाहीत, तारखा नाहीत. ऐकू येतात ते फक्त म्हाताऱ्या झालेल्या सैनिकांचे आवाज. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवायचा, त्यामुळे चित्रांचा वेग सारखा राहत नसे आणि जुन्या फितींत माणसं तुरुतुरु पळताना दिसतात. जॅक्सन यांच्या चमूने संगणकावर तो वेग दुरुस्त केला, रंग भरले, ओठांच्या हालचाली वाचू शकणाऱ्या जाणकारांकडून सैनिक काय बोलत होते ते काढून घेतलं आणि नटांकडून ते बोलून घेतलं. मूकपटातली बाहुल्यांसारखी दिसणारी ती माणसं मग चालायला, बोलायला, आपल्याकडे बघायला लागतात.

आणि ती करतात काय? वय वाढवून सांगून भरती झालेली सोळा-सतरा वर्षांची पोरं नव्या बुटांनी सोलवटलेले पाय घेऊन कवायत करतात. डब्यातलं मांस, जॅम आणि पाव खातात. मशीनगन थंड ठेवण्यासाठी तिच्याभोवती पाणी भरलेलं असतं. गोळ्या झाडून ते उकळलं की त्याचाच चहा करतात. शर्टाच्या शिवणीत लपलेल्या उवा मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून मारतात. खड्ड्यावर आडवा वासा टाकून त्यावर ओळीने शौचाला बसतात. कॅमेरा दिसला की हसतात आणि त्यांचे किडलेले, वाकडे दात दिसतात. पाण्याने भरलेल्या खंदकात दिवसचे दिवस उभं राहून पाय सडतात. उंदीर अंगावरून फिरतात. हे सगळं आधी बघून झालेलं असल्यामुळे त्यातलाच एखादा चेहरा पुढे चिखलात निपचित पडलेला दिसतो तेव्हा तो आपल्याला ओळखीचा वाटतो.

पहिल्या महायुद्धाची कारणं मी वर्गात किती वर्षं शिकवली. साराजेवो, गुप्त तह, साम्राज्यांची चढाओढ, व्हर्सायचा तह. मुलं पाठ करायची आणि मार्क मिळवायची. पाठ्यपुस्तकाला त्याहून जास्त जमत नाही, ते त्याचं कामही नसेल. माहितीपटाला मात्र जमतं. पुस्तकात नसलेली माणसं समोर आणून बसवण्याची ताकद तुमच्या हातातल्या यंत्रात आहे. म्हणून तर मी हे पत्र इतिहासाच्या शिक्षकांना लिहिण्याऐवजी तुम्हाला लिहिते आहे.

आता माहितीपट करणाऱ्यांनी फार नीट लक्षात घ्यावी अशी एक गोष्ट. जॅक्सन यांच्या चित्रपटात प्रत्यक्ष हल्ल्याचा प्रसंग येतो तेव्हा पडद्यावर ‘द वॉर इलस्ट्रेटेड’ या त्या काळच्या नियतकालिकातली रेखाचित्रं येतात. कारण समोरासमोरच्या त्या लढाईचं चित्रीकरण उपलब्धच नव्हतं. तिपाईवर उभा करून हाताने फिरवायचा जड कॅमेरा घेऊन गोळीबारात कोण धावणार? त्याच्याही आधीचं उदाहरण १९१६ सालच्या ‘द बॅटल ऑफ द सॉम’चं. युद्ध चालू असतानाच तो ब्रिटनच्या चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या सहा आठवड्यांत सुमारे २ कोटी लोकांनी तो पाहिला असं मानलं जातं. खंदकातून उसळून वर चढणारे आणि गोळी लागून मागे घसरणारे सैनिक, हा त्यातला सगळ्यात गाजलेला प्रसंग. तो आघाडीवर घडलेलाच नव्हता. मागच्या एका प्रशिक्षण तळावर रचून चित्रित केलेला होता. त्याच चित्रपटात तोफगोळे उतरवणारे, वाटेत थांबून जेवणारे, जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन खंदकातून येणारे सैनिक आहेत. ते खरे आहेत. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या त्या फितीतही लढाईचं दृश्य नकली निघालं आणि साध्या कामाची दृश्यं टिकली. आज तुमच्याकडे ड्रोन आहेत, संगणकावर स्फोट करता येतात, त्यामुळे नकली लढाई करणं तर आणखीच सोपं झालं आहे. तो मोह तुम्हाला होणार, म्हणून हे सांगितलं.

जॅक्सन यांच्या चित्रपटात आपली माणसं जवळजवळ नाहीत. ती उणीव मला फार लागली. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून जास्त भारतीय समुद्रापार गेले, ७४ हजारांहून अधिक परत आलेच नाहीत. आपल्या भागातली कितीतरी माणसं मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला गेली. तिथे टायग्रिस नदीच्या काठी कुट नावाचं गाव आहे. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी तिथे सहाव्या पुणे डिव्हिजनला वेढा घातला. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. वेढा १४७ दिवस चालला आणि २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार जणांनी शरणागती पत्करली.

लढाईच्या इतिहासात हा पराभव म्हणून नोंदला जातो आणि विषय संपतो. पण त्या १४७ दिवसांत काय शिजत होतं ते बघा. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापायला सुरुवात झाली. आपल्या बहुतेक जवानांनी घोड्याचं मांस खायला नकार दिला, कारण गावी परतल्यावर जातीत काय म्हणतील ही धास्ती होती. मग हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून खायला हरकत नाही असे निरोप तारेने मागवले गेले, तरी पुष्कळांनी शेवटच्या दिवसांपर्यंत तोंड लावलं नाही. भाजी नाही, मांस नाही, त्यामुळे हिरड्या सुजून रक्त येण्याचा रोग आपल्याच जवानांत जास्त पसरला. माणसं रानातला पाला खुडून शिजवून खात होती. शेवटी विमानांतून अन्न टाकायचा प्रयत्न झाला. वेढ्यातल्या फौजेला हवेतून रसद पोचवण्याचा हा जगातल्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी एक, आणि त्या सामानात दळणाचे दगडही होते. विमानातून जात्याचा दगड खाली येतो, आणि खाली उपाशी माणसं मूठभर धान्य दळायला त्याची वाट बघत असतात. यात एक गोळी सुटलेली नाही, तरी युद्धाचं यापेक्षा खरं दृश्य मला सुचत नाही. कोणी तरी हे करा हो.

आणखी एक गोष्ट सांगते. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी पकडलेल्या हिंदी सैनिकांना बर्लिनजवळ व्युन्सडोर्फच्या छावणीत ठेवलं होतं. तिथे भाषांचा अभ्यास करणाऱ्या जर्मन विद्वानांनी त्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. ते आजही बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. त्यात माल सिंग नावाच्या एका पंजाबी शिपायाचं ११ डिसेंबर १९१६ चं ध्वनिमुद्रण आहे, जेमतेम मिनिटभराचं. तो स्वतःबद्दलच बोलतो, पण परक्या माणसाची गोष्ट सांगावी तसं. एक माणूस होता, हिंदुस्थानात लोणी खायचा, दूध प्यायचा, मग इंग्रजांच्या चाकरीत युद्धाला आला, जर्मनांच्या हाती सापडला. आता त्याला परत जायचं आहे, गेला तर पुन्हा तेच खायला मिळेल. एवढंच. त्याला त्या यंत्रासमोर आणून बसवलं आणि त्याने लोणी आणि दूध सांगितलं. शंभर वर्षांनीही तो आवाज ऐकताना माणूस जागचा हलत नाही.

आता माझ्या घरातलं. आमचे हे मूळचे मोहोळ तालुक्यातले. सैन्यात ते एएससीत होते, म्हणजे सैन्याला अन्न, रॉकेल, डिझेल पोचवणाऱ्या दळात. ड्रायव्हर म्हणून भरती झाले, प्रशिक्षण बेंगळुरूला झालं आणि नोकरीतला मोठा काळ श्रीनगर ते लेह या रस्त्यावर गेला. झोजी ला खिंड हिवाळ्यात बंद व्हायची, त्यामुळे लडाखमधल्या फौजेला हिवाळाभर लागणारं पीठ, डाळ, तेल, रॉकेल उन्हाळ्यातच वर नेऊन साठवावं लागे. गाड्यांचे ताफेच्या ताफे. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, समोरून येणाऱ्या ताफ्याला वाट देत देत जायचं. द्रासला थंडी एवढी की रात्री मधून मधून उठून इंजिन चालू करावं लागायचं, नाहीतर सकाळी गाडी हलायची नाही.

१९९९ मध्ये कारगिलचं युद्ध झालं तेव्हा हे त्याच रस्त्यावर होते. तोलोलिंगचं शिखर शत्रूकडे होतं आणि तिथून खालचा महामार्ग उघडा दिसत होता. दिवसा गाडी दिसली की तोफ डागली जायची. म्हणून रात्री, गाडीचे दिवे बंद ठेवून, चांदण्याच्या उजेडात किंवा तोही नसेल तर अंदाजाने चालवायचं. मागे कधी पिठाची पोती, कधी बोफोर्सचे गोळे. एक गोळा ४० किलोच्या वर. त्या युद्धात आपल्या बाजूने सुमारे २.५ लाख गोळे, बॉम्ब आणि रॉकेट वापरले गेले, असं सांगतात. त्यातला प्रत्येक गोळा कोणीतरी गाडीत चढवला, कोणीतरी रात्रीचा वाहून नेला, कोणीतरी उतरवला. मी त्या दिवसांत शाळेतून आले की टीव्हीसमोर बसायची. तोफा धडाडताना रोज दिसायच्या. मी मागे उभे असलेले ट्रक शोधायची. ते कधी दिसले नाहीत.

काही वर्षांपूर्वी आपल्या शहरातल्या एका कार्यक्रमासाठी दोन मुलं यांची मुलाखत घ्यायला घरी आली होती. चांगली, नम्र मुलं. यांनी त्यांना भरपूर वेळ दिला, फौजेतली काळी लोखंडी पेटी उघडून दाखवली, झोजी लाचं सगळं सांगितलं. मुलांनी शेवटी विचारलं, “काका, तुम्ही शत्रूचे किती सैनिक मारले?” हे म्हणाले, “मी कुणाला मारलं नाही बाळ. मी पीठ वाहिलं, रॉकेल वाहिलं, गोळे वाहिले.” मुलं जरा हिरमुसली. कार्यक्रमात जी फीत दाखवली त्यात हे जेमतेम दिसले, तेही पदकं लावून सलाम करताना, मागे मोठ्याने गाणं लावलेलं. त्यांचं एकही वाक्य ठेवलं नव्हतं. घरी येताना रिक्षात हे काही बोलले नाहीत. मला त्या मुलांचा राग आला नाही, आजही नाही. त्यांना तसंच शिकवलं होतं. पण ज्याने हे शिकवलं, युद्धपट म्हणजे गोळीबार आणि सैनिक म्हणजे मारणारा हात, त्या शिकवण्याचा मला मनापासून राग आहे. पीठ पोचलं नसतं तर वर शिखरावर लढणारी पोरं कशाच्या जोरावर उभी राहिली असती?

सियाचेनचंच घ्या. एप्रिल १९८४ मध्ये ऑपरेशन मेघदूत झालं आणि आपली फौज त्या हिमनदीवर गेली. नोव्हेंबर २००३ पासून तिथे शस्त्रसंधी आहे. तिथे आजवर जितक्या जवानांनी प्राण गमावले त्यांतले बहुतेक गोळीने गेले नाहीत. थंडीने, हिमकड्यांनी, विरळ हवेने गेले. मग तिथला माहितीपट गोळीबाराचा कसा होईल? तो स्टोव्हवर बर्फ वितळवून पिण्याचं पाणी करण्याचा होईल, एकमेकांना दोरीने बांधून चालण्याचा होईल, बोटं काळी पडू नयेत म्हणून मोजे बदलण्याचा होईल. २०१९ मध्ये तिथल्या जवानांनी स्वतःच काढलेली एक चित्रफीत सगळीकडे फिरली होती, तुम्हीही पाहिली असेल. फळांच्या रसाचं खोकं फोडलं तर आत वीट निघते, अंडी हातोडीने फुटत नाहीत, टोमॅटो, कांदा, बटाटा दगडासारखे. जवान हसत हसत दाखवतात. ती बघून माझ्या शेजारच्या बाई मला म्हणाल्या, “अहो, मग ही माणसं खातात काय?” इतकी वर्षं देशभक्तीपर कार्यक्रम बघूनही त्यांना हा प्रश्न पडला नव्हता. ती साधी फीत बघितल्यावर पडला.

काही जण म्हणतील, रोजचं जगणं दाखवलं की युद्ध सहलीसारखं वाटतं, चहा, थट्टामस्करी, पत्ते. ही शंका खोटी नाही. नुसत्या गमती गोळा केल्या तर तसं होईलच. पण रोजच्या जगण्यात भीतीही येते. रात्रीच्या पहाऱ्यावर झुडूप हललं तरी छातीत धस्स होणं येतं. सुट्टी नाकारली जाणं, वडिलांच्या मातीला पोचता न येणं, अधिकाऱ्याचा अपमान गिळणं, आठवड्यामागून आठवडे काहीच न घडण्याचा कंटाळा येतो. दारूही येते. मित्राच्या सामानाची यादी करून ती पेटी त्याच्या गावाला पाठवणं येतं. यातलं काही झाकू नका. दुसरे म्हणतील, यात शौर्य कुठे आहे? त्यांना मी दिवे बंद करून झोजी ला उतरणारा ट्रक दाखवेन.

आपल्या सोलापूरलाच बघा. डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथले. १० ऑक्टोबर १९१० चा त्यांचा जन्म, आणि भैय्या चौकातलं त्यांचं घर आता स्मारक आहे. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला पाच भारतीय डॉक्टरांचं पथक गेलं त्यात ते होते. ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले, वय फक्त ३२. शाळेच्या भाषणांत दर वर्षी एकच गोष्ट असते, त्यांनी ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या. ती गोष्ट मोठीच आहे. पण त्या ७२ तासांच्या आधीची आणि नंतरची चार वर्षं त्यांनी तिथे रोज काढली. परकी भाषा शिकले, तिच्यातून विद्यार्थ्यांना शिकवायला लागले, फौजेबरोबर खेड्यापाड्यांतून हिंडले, तिथल्याच एका परिचारिकेशी लग्न केलं, बाप झाले. माझ्या शाळेतल्या एका मुलीने एकदा विचारलं होतं, “बाई, त्यांना तिकडे भाकरी मिळत होती का?” वर्ग हसला. मला तो त्या वर्षातला सगळ्यात चांगला प्रश्न वाटला होता. तुम्ही असे प्रश्न विचारणारे व्हा.

मुलाखतीला जाल तेव्हाच्या काही गोष्टी सांगते. एका सैनिकाच्या घरात आयुष्य काढलेली बाई म्हणून सांगते.

पहिल्यांदा पेटी मागा. प्रत्येक फौजीच्या घरात पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर लिहिलेली ती काळी लोखंडी पेटी असते, बहुतेक वेळा माळ्यावर किंवा पलंगाखाली. ती उघडली की माणूस आपोआप बोलू लागतो. तुम्हाला प्रश्न विचारायची फारशी गरज राहत नाही. मग विचारा, भरती होऊन पहिल्या दिवशी काय खाल्लं? लंगरमध्ये काय असायचं? बडा खाना, म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून करायची मेजवानी, कधी असायचा? पहिल्यांदा रजा मिळाली तेव्हा कोणत्या गाडीने आलात? आमचे हे पुण्यापर्यंत झेलमने यायचे. गाडीत जागा नसली की पेटीवरच बसून दोन रात्री काढायच्या. परत जाताना मी कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी बांधून द्यायची. कडक भाकरी महिनाभर टिकते, आपल्या भागाची ही खरी फौजी शिदोरी. बरोबरचे तमिळ आणि गढवाली सोबती ती भाकरी कटकट फोडून चहात बुडवून खायचे आणि पुढच्या रजेच्या आधी यांना आठवण करून द्यायचे, असं हे सांगतात.

पत्नीलाही विचारा, आणि तिचं वेगळं चित्रीकरण करा, नवऱ्यासमोर नको. फौजेच्या रजेचं गणित घरातल्या बाईला जितकं पाठ असतं तितकं कोणालाच नसतं. ‘मार्फत ५६ एपीओ’ असा सैन्याच्या टपाल कार्यालयाचा पत्ता घातलेली पत्रं, जिथे तो आहे त्या जागेचं नाव पत्त्यावर कधीच नसायचं. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर ठरलेल्या वेळी जाऊन उभं राहणं. लेकराचा दुसरा वाढदिवस झाला तरी बापाने त्याला जेमतेम चार महिने पाहिलेलं. आघाडीवरच्या सैनिकाच्या दिवसाचा दुसरा अर्धा भाग असा सोलापुरात, बार्शीत, सांगोल्यात घडत होता. तो सोडून केलेला माहितीपट अपुरा राहील.

भाषा बदलायला लावू नका. अक्कलकोटकडचा माजी सैनिक मध्येच कानडीत बोलेल, पूर्व भागातला तेलुगूत, कोणी दखनीत, आणि सगळेच मधून मधून फौजी हिंदीत. “प्रमाण मराठीत सांगा ना काका” असं म्हटलं की पोपटासारखं ठरावीक भाषण सुरू होतं. त्याच्या तोंडात येईल तसं येऊ द्या, खाली मराठी अक्षरं द्या. मागे संगीत लावू नका. तो थांबला तर तुम्हीही थांबा, कॅमेरा बंद करू नका, पण पुढे ढकलूही नका. रडला तर तो भाग ठेवायचा की नाही हे त्याला विचारा. पदकं लावून उन्हात उभं करू नका. हवं तर कॉटवर, बनियनवर बसू द्या.

सेवेत असलेल्या जवानाचं चित्रीकरण परवानगीशिवाय करू नका, आणि माजी सैनिकाने सांगितलेलं सगळंच बाहेर आणायचं नसतं हेही समजून घ्या. सध्याच्या ठाण्यांची, रस्त्यांची, यंत्रणेची माहिती आली तर ती काढून टाका. रोजच्या जगण्याला तिची गरजही लागत नाही.

कोणाला गाठायचं हा प्रश्न पडेल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या आणि कॅन्टीनच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांशी बोला. सगळ्यात आधी १९६५ आणि १९७१ ची युद्धं पाहिलेल्यांकडे जा, कारण ती माणसं आता सत्तरी-ऐंशी ओलांडलेली आहेत. त्यांच्या खालोखाल १९८७ ते १९९० मध्ये शांतिसेनेत श्रीलंकेला गेलेल्यांकडे. त्यांना आजवर कोणी फारसं विचारलेलं नाही. त्या लढाईचा दिवस इथे कोणी साजरा करत नाही, त्यामुळे त्यांच्या दारात कॅमेराही जात नाही. स्वयंपाकी, ड्रायव्हर, सफाई कामगार, न्हावी, धोबी, खेचरं सांभाळणारे, तारा ओढणारे, हे सगळे फौजेत होते आणि आहेत. बंदूकवाल्यांच्या आधी यांची नावं तुमच्या यादीत लिहा.

आणि तुमची शिक्षकमंडळी हे पत्र वाचत असतील तर त्यांनाही विनंती आहे. विद्यार्थ्यांच्या माहितीपटांना गुण देताना किती स्फोट दाखवले, ड्रोन किती उंच गेला हे बघू नका. त्या माणसाच्या आयुष्यातला एक पूर्ण दिवस, पहाटेच्या पीटीपासून रात्रीच्या रोल कॉलपर्यंत, बघणाऱ्याला कळला का, ते बघा. महाविद्यालयांनी या मुलाखती न कापता, पूर्ण स्वरूपात, ग्रंथालयात जपून ठेवाव्यात. लंडनमध्ये ६०० तास जपून ठेवले म्हणून तो चित्रपट होऊ शकला. त्या मुलाखती घेणाऱ्यांना पुढे कोणी त्याचा असा चित्रपट करील हे माहीतही नव्हतं. आपल्या जिल्ह्यात १०० तास जमा झाले तरी पुढच्या पिढीतल्या कोणाला तरी ते पुरतील.

आमच्या घरी कधीही या. यांची तब्येत आता पूर्वीसारखी नाही, पण सकाळी दहानंतर ते छान बोलतात. येण्याआधी निरोप द्या म्हणजे मी माळ्यावरची पेटी काढून ठेवते. यांना झोजी ला विचारा, द्रासच्या रात्री विचारा, शक्तिमान गाडीचा गिअर थंडीत कसा अडकायचा ते विचारा. आणि चित्रीकरण झालं की एक पूर्ण प्रत घरी आणून द्या, न कापलेली. नातवंडांसाठी हवी आहे.

तुमची,
एक निवृत्त शिक्षिका आणि माजी सैनिकाची पत्नी
सोलापूर